चार टायर, तीन गाड्या: मोजक्या पैशांत जुनी फोर-बाय-फोर घेतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका फिरत्या पशुवैद्यक डॉक्टरबाईंचं आहे. त्यांचं नाव, ठिकाण आणि पाहिलेल्या गाड्यांची मॉडेल्स मुद्दाम गाळली आहेत, कारण एका जुन्या गाडीवरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही. रकमाही देत नाही. त्यांच्याजवळ गाडीसाठी जेवढे पैसे होते त्यांना १०० भाग धरले आहेत आणि पुढचे सगळे हिशेब त्या भागांतच आहेत. वाचणाऱ्यानं आपला आकडा घालून पाहावा.

मी त्यांच्या धाकट्या भावाचा मित्र. काही वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली असल्यामुळे ओळखीत कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की मला सोबत नेतात. भाऊ त्यांना ताई म्हणतो म्हणून मीही ताईच म्हणतो, इथेही तेच ठेवतो.

ताईंकडे पुढची चाकं ओढणारी एक लहान गाडी होती. लिटरला सोळा किलोमीटर द्यायची, कधी दगा दिला नाही. वर्षाचं फिरणं सुमारे १४,००० किलोमीटर. त्यातले दहातले नऊ किलोमीटर डांबरी रस्त्यावरचे, उरलेला एक शेतरस्त्यावरचा. मागच्या सीटवर औषधांच्या पेट्या, दोर, बादल्या, साधारण ऐंशी किलोचं सामान कायम.

अडचण

त्या उरलेल्या एका किलोमीटरातच सगळं दुखणं होतं. एका मोठ्या गोठ्याकडे जाणारा तीनेकशे मीटरचा चढ आहे, चिकणमातीचा. कोरडा असला की कुठलीही गाडी चढते. पाऊस पडून गेला की ताई गाडी खाली लावायच्या आणि पेटी खांद्याला अडकवून चालत वर जायच्या. एका रात्री गाय अडली होती. दोन खेपा करून सामान वर न्यायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. गाय वाचली, वासरू नाही. उशिरामुळेच गेलं असं त्या म्हणत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भावाला फोन केला.

पुढची चाकं ओढणारी गाडी अशा चढावर का हरते, हे आधी समजून घेतलं. सपाटीवर इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणून ती चिखलातही बऱ्यापैकी चालते. चढाला लागली की वजन मागे सरकतं. मागच्या सीटवर ऐंशी किलो असतील तर आणखी सरकतं. ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात.

फोर-बाय-फोर खरंच हवी का?

हा प्रश्न मी सगळ्यांना आधी विचारतो आणि बहुतेकांना तो आवडत नाही. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते, चढते. थांबायला आणि वळायला मात्र तिचा काही उपयोग नाही. तिथे काम टायरचं. शिवाय वजन जास्त, इंधन जास्त आणि बिघडू शकणारे भागही जास्त: ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी), दोन डिफरन्शियल (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर), प्रोपेलर शाफ्ट (ताकद धुऱ्यापर्यंत नेणारा दांडा). पैसे मोजकेच असतील तर त्याच पैशांत साधी दोन चाकांची, म्हणजे दोनच चाकं ओढणारी गाडी चार-पाच वर्षांनी नवी मिळते.

म्हणून आधी स्वस्तातला उपाय करून पाहिला. ओळखीतल्या एकाची तशीच लहान गाडी खोल खाचांच्या नव्या टायरांसकट मागून आणली आणि ओल्या चढावर घातली. दोन तृतीयांश चढली, तिथे थांबली, आणि उलटी उतरवताना भावाला घाम फुटला. चढावर खडी टाकण्याचाही विचार झाला. तो वाटतो तितका वेडगळ नव्हता, पण ताईंच्या फिरतीत असे चढ चार होते आणि चारांचे मालक वेगळे. मग फोर-बाय-फोर घ्यायचं नक्की झालं.

कुठल्या जातीची?

बाजारात सगळ्यालाच फोर-बाय-फोर म्हणतात, पण आतल्या जाती तीन आहेत आणि जुनी घेताना त्यांतला फरक खिशाला लागतो.

पहिली जात युद्धकाळातल्या, म्हणजे १९४१ पासूनच्या जीपची. एरवी मागची चाकं ओढतात. लिव्हर टाकला की पुढचीही जोडली जातात. मधे डिफरन्शियल नसतं. त्यामुळे कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून वळलात तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापायला बघतात, शाफ्टला पीळ बसतो आणि गाडी बांधल्यासारखी होते. ओल्या मातीवर चाकं थोडी घसरून तो पीळ सोडवतात. यात बहुधा लो गिअरही मिळतो, म्हणजे इंजिन तेवढंच फिरतं आणि चाकं जवळजवळ निम्म्या वेगानं, दुप्पट जोरानं. भाग थोडे, समजायला सोपे, आणि कुठलाही बरा मिस्त्री उघडू शकतो.

दुसरी जात कायम चारही चाकं ओढणारी, मधल्या डिफरन्शियलसह. १९७० ची रेंज रोव्हर आणि १९८० ची आउडी क्वाट्रो ही तिची नावाजलेली उदाहरणं. उत्तम प्रकार, पण ताईंच्या पैशांत जे मिळत होतं ते फारच दमलेलं होतं, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

तिसरी जात गरजेपुरती जोडणारी. एरवी पुढची चाकं ओढतात आणि ती घसरली की मधलं कपलिंग, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा सांधा, मागच्यांनाही ताकद देतं. आधी ही कपलिंगं सिलिकॉन द्रवानं भरलेली असायची, १९८६ च्या फोक्सवॅगन गोल्फ सिंक्रोसारखी; १९९८ पासून हाल्डेक्स कंपनीच्या पद्धतीची, इलेक्ट्रॉनिक हुकमानं दाबली जाणारी क्लच आली. डांबरावर ही जात सगळ्यांत आरामाची. जुनी घेताना मात्र कपलिंगची तब्येत वरून कळत नाही. त्याचं तेल वेळेवर बदलायचं असतं हे पहिल्या मालकालाही माहीत नसतं, तिसऱ्याचं तर विचारूच नका.

ताईंचं नव्वद टक्के फिरणं डांबरावर असल्यामुळे कागदावर तिसरी जात बरोबर दिसत होती. भावाचंही तेच म्हणणं. मी म्हटलं, जात ठरवून निघायला नको. जी गाडी नीट ठेवलेली दिसेल ती घेऊ. हा पहिला निर्णय, आणि तो मला आजही बरोबर वाटतो.

दुसरा निर्णय पैशांचा. १०० पैकी ७८ च्या वर गाडीला द्यायचे नाहीत, २२ हातात ठेवायचे. त्यातले बारा-तेरा घेतल्या घेतल्या तेलं, बेल्ट, कागदपत्रं आणि विम्यासाठी, उरलेले पहिल्या वर्षाच्या दुखण्यांसाठी. भावाला हे फार वाटलं. पण जुन्या गाडीची किंमत विकणाऱ्याला देऊन संपत नाही. पुढचे सहा महिने ती हप्त्याहप्त्यानं मिस्त्रीला जाते.

पहिली गाडी: मागणी ६०

मोठी, उंच, शिडीसारख्या चासीवर बसवलेली, लो गिअरसकट. रुबाब असा की ताईंचा चेहराच खुलला. खाली वाकून पाहिलं तर चासीला ताजा काळा रंग. चकचकीत, पंधरवड्याच्या आतला. चासीला नवा रंग दिसला की माझा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातो. त्याच्या मुठीनं पुढून मागे ठोकत गेलो. पुढे आवाज खणखणीत. मागे, जिथे स्प्रिंगच्या पाट्यांचा कान बसतो, तिथे भद्द. टोक लावून दाबलं तर रंगाचा पापुद्रा आत गेला आणि त्यामागून तपकिरी भुकटी बाहेर आली.

तेवढ्यानं झालंच होतं, तरी मागच्या डिफरन्शियलचं बूच उघडलं. तेल दुधाळ. याचा अर्थ गाडी कधीतरी धुऱ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली होती आणि हवेच्या नळीतून पाणी आत गेलं होतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहिला: शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची सरळ रेघ, म्हणजे पाणी आतपर्यंत आलं होतं. नमस्कार करून निघालो. वीस मिनिटं.

दुसरी गाडी: मागणी ९५

भावाची लाडकी. तिसऱ्या जातीची, ऑटोमॅटिक, सहा एअरबॅग, स्टेबिलिटी कंट्रोल (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा), आठ वर्षांची, मीटरवर ७१,०००. आतून स्वच्छ, बाहेरून आरसा. मागणी आमच्या मर्यादेबाहेर होती, पण मालक घाईत होता आणि ८० पर्यंत येईल असं भावाला फोनवरून कळलं होतं.

मी आधी टायरांपाशी बसलो. तेव्हा कुणीतरी हसलं, पण चारही चाकं एकत्र बांधलेल्या गाडीत टायर हा यंत्राचाच भाग असतो. पुढचे दोन नवे, खाचा ७ मिलिमीटर. मागचे दोन वेगळ्या कंपनीचे, ३ मिलिमीटर. मालक म्हणाला, "मागचे अजून वर्षभर सहज जातील." साध्या गाडीत गेलेही असते.

भावाला तिथेच कागदावर हिशेब करून दाखवला. टायरचा आकार २१५/६५ आर १६. नवा टायर सुमारे ६८६ मिलिमीटर व्यासाचा. खाच ४ मिलिमीटरनं कमी म्हणजे व्यास ८ नं कमी, परीघ २५ नं कमी. परीघ सुमारे २.१५ मीटर असल्यामुळे मागचं चाक दर किलोमीटरला साडेपाच फेऱ्या जास्त मारतं. वर्षाच्या १४,००० किलोमीटरला सुमारे ७७,००० फेऱ्या. गाडीच्या मेंदूला हा फरक चाक घसरल्यासारखा दिसू शकतो, मग तो क्लच दाबतो, आणि क्लच रस्ताभर घासत, तापत राहतो. म्हणूनच अनेक उत्पादक चार टायरांत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक चालवून घेत नाहीत.

मग कोरड्या मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवली. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत, तेल गरम झाल्यावर, मागून दबक्या उड्या जाणवू लागल्या आणि खालून कण्हल्यासारखा आवाज आला. खिडकी बंद करून रेडिओ लावला असता तर कळलंही नसतं.

गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर जोडला. एकही दोष नोंदलेला नाही. पण आत आणखी एक पान असतं, ते बहुतेक लोक उघडत नाहीत: इंजिनाच्या स्व-चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत. इथे चार अपूर्ण होत्या. दोष पुसले की या चाचण्याही कोऱ्या होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. म्हणजे कुणीतरी अलीकडेच पाटी पुसली होती. बॅटरी काढली तरी तसं होतं, हेही खरं. मालकाला विचारलं. तो म्हणाला, "बॅटरी बदलली." बॅटरीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

तिसरी गाडी: मागणी ८२

२००९ ची, चौदा वर्षांची. पहिल्या जातीची, हलकी, हातानं टाकायचा लिव्हर, लो गिअर. रंग उडालेला, पुढचा बंपर एका कोपऱ्यात शिवलेला. मीटरवर १,४८,०००. दोन एअरबॅग, एबीएस. स्टेबिलिटी कंट्रोल नाही. मालक जमीन मोजणीच्या कामातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवला: गार. (गरम असेल तर विकणाऱ्यानं आधी सुरू करून पाहिली आहे, म्हणजे इंजिन थंड असताना ती नखरे करते अशी मला शंका येते.) एका किल्लीत सुरू झाली. धूर नाही.

त्यांनी टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवली. पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या, तारखेनं लावलेल्या. पहिली पाच वर्षं कामानिमित्त भरपूर फिरणं, १,१५,००० किलोमीटर. नंतरच्या नऊ वर्षांत फक्त ३३,०००. टायमिंग बेल्ट किलोमीटर भरले नव्हते तरी वयामुळे चार वर्षांपूर्वी बदललेला. ट्रान्सफर केसच्या तेलाच्या तीन पावत्या. ट्रान्सफर केसच्या तेलाची पावती जपून ठेवणारा माणूस मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होतो.

विचारलं, लिव्हर कधी टाकता? म्हणाले, "महिन्यातून एकदा. मुरमावर दोन-चार किलोमीटर. नाहीतर अडकतो ना तो." खरं आहे. फोर-बाय-फोर न वापरता पडून राहिली की सांधे गंजतात, तेल अडवणारी सील वाळतात, आणि ऐन चिखलात लिव्हर हलत नाही.

स्वतंत्र मिस्त्रीकडे लिफ्टवर चढवली. अशी तपासणी दुसऱ्या गाडीचीही केली होती, दोन्हींचे मिळून २ भाग गेले. मिस्त्रीनं डिफरन्शियलचं भरायचं बूच आधी सोडवलं, मग खालचं. ज्यानं उलटं केलं असतं त्याच्याकडे मी गाडी ठेवली नसती: तेल काढून टाकल्यावर वरचं बूच सुटलंच नाही तर गाडी तिथेच बसते. चुंबकी बुचावर राखाडी लव होती, बोटाला मऊ लागणारी. ती चालते. टोचणारे कण असते तर दात झिजून तुटू लागलेत असं समजायचं. चासीवर प्रामाणिक तपकिरी गंज, ठोकल्यावर सगळीकडे खणखणीत. पुढच्या डिफरन्शियलच्या सीलला ओल, ब्रेकच्या तबकड्यांना कडेनं गंज. दोन्ही गाडी उभी राहिल्याच्या खुणा.

आणि टायर: चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, चारही साडेपाच मिलिमीटर. मी खूश झालो. इतका की तिथेच थांबलो, आणि ही माझी चूक.

निर्णय

त्या संध्याकाळी भावाबहिणीत चांगलीच जुंपली. भावाचं म्हणणं सोपं नव्हतं. "ताई, तुझा अपघात झालाच तर चढावर नाही होणार, डांबरावर होईल. पावसात, रात्री, दमून परतताना. त्या गाडीत सहा एअरबॅग आहेत आणि घसरली तर सावरणारी यंत्रणा आहे. हिच्यात काय आहे? फाइल!"

यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. स्टेबिलिटी कंट्रोल ही नुसती जाहिरातीची गोष्ट नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पासून ती सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली, कारण वळणावर गाडी सुटण्याचे अपघात तिच्यामुळे खरोखर कमी झाले. मी एवढंच म्हणू शकलो की दुसऱ्या गाडीचं कपलिंग गेलं तर मिस्त्रीच्या अंदाजानं २५ ते ३० भाग लागतील आणि आपल्याकडे २० सुद्धा उरणार नाहीत. मग ती सहा एअरबॅगांची दोन चाकांची गाडी होईल, आणि दोन चाकांची गाडी आपल्याकडे आहेच.

ताईंनी शेवटी एकच विचारलं, "मध्यरात्री बंद पडण्याची शक्यता कुठली जास्त?" उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तिसरी ठरली. सील आणि ब्रेक दाखवून घासाघीस केली; मालक ७७ वर आले. विसार दिला, कागद पाहिले, चासीचा क्रमांक पाटीवर आणि धातूवर दोन्हीकडे जुळवला, चार दिवसांनी गाडी आणली. सगळी तेलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड, सील: ७. कागदपत्रं आणि विमा: ५. तपासणीचे २ धरून हातात ९ उरले.

पहिला पाऊस

तीन आठवड्यांनी मोठा पाऊस झाला. ताईंना खरं तर त्या गोठ्यावर काम नव्हतं, पण उजेडात चाचणी घ्यावी म्हणून त्या गेल्या. लिव्हर टाकला, लो गिअर, दुसरा, हलका पाय. चारही चाकं अगदी शहाण्यासारखी एकत्र फिरली आणि गाडी अर्ध्या चढावर आडवी सरकत नाल्याच्या कडेला लागली. साधी दोन चाकांची गाडी याहून वर गेली होती.

मी संध्याकाळी पोचलो. गाडीत काही बिघाड नव्हता. टायरच्या खाचेत नख रुतवून पाहिलं, रुतेना. रबर नव्हे, जुन्या चपलेचा तळ. मग बाजूवरची ‘डॉट’ अक्षरं शोधली. त्या ओळीतले शेवटचे चार आकडे ३११४. म्हणजे २०१४ चा एकतिसावा आठवडा. नऊ वर्षांचे टायर. खाचा होत्या कारण गाडी फिरली नव्हती. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, आणि कडक रबर ओल्या मातीला धरत नाही. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि फार तर दहाव्या वर्षी बदल सुचवतात, तेही खाचा कितीही असोत.

जास्त लागलं ते पुढे. टायरची पावती फाइलमध्येच होती, १,१५,००० किलोमीटरवरची. मी ती हातात घेऊन पाहिली होती आणि "बघा, चारही एकदम घेतलेत" असं कौतुकही केलं होतं. तारीख डोळ्यांसमोर होती. मी खाच मोजली, वय नाही मोजलं.

नवे चार टायर घेतले. निव्वळ चिखलाचे घेतले नाहीत, कारण ते डांबरावर गोंगाट करतात आणि ओल्यात ब्रेकला उशीर लावतात. दोन्हीकडे चालतील असे मध्यम खाचांचे घेतले. खर्च बरोबर ९ भाग. राखीव पैसे महिन्याभरात शून्य.

पुढच्या पावसात तोच चढ, तोच दुसरा गिअर. गाडी न थांबता वर गेली. उतरताना तर जास्त बरं वाटलं, असं ताई म्हणाल्या: लो गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला पाय लावावा लागत नाही, त्यामुळे चाकं अडकून घसरतही नाहीत.

दीड वर्षानंतर

आजवर २१,००० किलोमीटर झाले. एकदाही रस्त्यात थांबली नाही. चौथ्या महिन्यात पुढच्या चाकाचं बेअरिंग घूं करायला लागलं. ते दुखणं नेहमीचं, पण राखीव शून्य असल्यामुळे त्याचे पैसे भावानं दिले, आणि अजून तो त्याची आठवण काढतो. लिटरला साडेदहा मिळतात. मी साडेअकरा सांगितले होते. वर्षाच्या १४,००० किलोमीटरला जुन्या गाडीपेक्षा साडेचारशे लिटरच्या वर जास्त इंधन जातं, आणि हा हिशेब आम्ही १०० भागांत कुठेच धरला नव्हता.

लिव्हर ताई महिन्यातून एकदा टाकतात, कोरडे महिने असले तरी. जुन्या मालकांनी तसं वचनच घेतलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

टायरचं सांगून झालं. तारीख तिथे वाचली असती तर ७७ चे ७० झाले असते असं मला वाटतं, आणि बेअरिंगच्या वेळी भावापुढे हात पसरावा लागला नसता. विकणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. नीट ठेवलेली गाडी बघून आपण सैल पडतो. वाईट गाडीपाशी मी जितका संशयी होतो तितका चांगल्या गाडीपाशी नव्हतो.

चाचणीची फेरी तोकडी पडली. मुरमावर आणि गल्लीबोळात मिळून अर्धा तास चालवली. मोठ्या रस्त्यावर पाऊण तास सलग चालवलीच नाही. ताशी नव्वदला ती इतकी आवाज करते की लांबून आल्यावर ताईंचं डोकं धरतं. नव्वद टक्के फिरणं डांबरावर आहे हे कागदावर लिहूनही परीक्षा मात्र आम्ही दहा टक्क्यांचीच घेतली.

दुसऱ्या गाडीबद्दल माझ्या मनात अजून खुटखुट आहे. त्या उड्या कपलिंग गेल्यामुळे होत्या की नुसत्या टायरांच्या फरकामुळे, हे चार सारखे टायर लावून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. एखाद्या दिवसासाठी सारख्या टायरांचा संच मागून लावता आला असता, त्याच आकाराचा एकाकडे होता. आम्ही ते केलं नाही, कारण बॅटरीच्या तारखेनं माझं मन उडालं होतं. खोटं पकडलं म्हणून मी यंत्राची तपासणी अर्धी सोडली. कपलिंग ठीक निघालं असतं तर ८० ला ती कदाचित दोघांच्याही मनासारखी गाडी ठरली असती. गेलेलं निघालं असतं तर आम्ही बुडालो असतो. दोन्ही शक्यता तेव्हा होत्या.

परवा भेटलो तेव्हा ताईंना विचारलं, भावाचं ऐकायला हवं होतं असं कधी वाटतं का? म्हणाल्या, "चढावर नाही वाटत. ओल्या वळणावर वाटतं." तिथे त्या आता जुन्या गाडीपेक्षाही वेग कमी ठेवतात.